पुढचा भाग की पुरवणी? ‘स्ट्रीट फायटर’च्या आखाड्यातला जुना पेच

एखाद्या खेळात नवे काही आणायचे असेल, तर त्याचा पुढचा भाग काढून तो नव्याने विकावा, की जुन्याच खेळाला इंटरनेटवरून पुरवण्या जोडत राहावे? व्हिडिओ गेमच्या व्यवसायात गेली दीड-दोन दशके हा प्रश्न चर्चेत आहे. लढतीच्या खेळांत, म्हणजे दोन खेळाडूंनी एकेक पात्र निवडून आमनेसामने झुंजण्याच्या खेळांत, तो विशेष तीव्र होतो. जपानमधील ओसाका येथील ‘कॅपकॉम’ कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’ या मालिकेने १९८७ पासून आजवर दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले आहेत. त्यामुळे या वादाचा इतिहास समजून घ्यायचा, तर या मालिकेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

हा वाद लढतीच्या खेळांतच एवढा का पेटतो, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. साहसकथेच्या खेळाला एखादा जादा अध्याय जोडला आणि तो कोणी विकत घेतला नाही, तर त्याच्या मूळ कथेचे काही बिघडत नाही. लढतीच्या खेळात मात्र पात्र हाच खेळाचा गाभा असतो. प्रत्येक पात्राचे डाव, वेग आणि कच्चे दुवे निराळे. एक नवे पात्र आले, की उरलेल्या सर्व पात्रांशी त्याची गाठ पडते आणि प्रत्येक खेळाडूला नवा अभ्यास करावा लागतो. शिवाय हा दोघांचा खेळ आहे. दोघांकडे एकच आवृत्ती नसेल, तर लढतच होऊ शकत नाही. म्हणूनच येथे ‘नको असेल तर घेऊ नका’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

तीन वर्षांत पाच आवृत्त्या

पहिला ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ मध्ये आला. मालिकेचे खरे नाव झाले ते १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मुळे. त्यात निवडण्याजोगी आठ पात्रे होती. भारतीय योगी म्हणून रंगवलेला, हातपाय लांबवणारा धालसिम हा त्यांपैकीच एक. बायसन, सगाट, वेगा आणि बालरॉग हे चार बलाढ्य प्रतिस्पर्धी केवळ संगणकाच्या बाजूने लढत. दोन्ही खेळाडूंना एकच पात्र निवडण्याचीही मुभा नव्हती.

या खेळाने जगभरातील गेम पार्लरमध्ये गर्दी खेचली आणि कॅपकॉमने त्याच्या सुधारित आवृत्त्यांचा सपाटा लावला. १९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’मध्ये ते चार प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या हाती आले आणि एकच पात्र दोघांना घेता येऊ लागले. याच सुमारास पार्लरमध्ये बनावट, फेरफार केलेल्या आवृत्त्यांचा सुळसुळाट झाला. त्यांत खेळ भलताच वेगवान होत असे आणि हवेत असतानाही नाही नाही ते डाव टाकता येत. त्याला उत्तर म्हणून १९९२ च्या अखेरीस अधिकृत, वेगवान ‘हायपर फायटिंग’ आले. धालसिमला क्षणात अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होण्याची करामत मिळाली ती याच आवृत्तीत. १९९३ मध्ये चार नवी पात्रे घेऊन ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ आले, तर १९९४ मध्ये ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’. तीन वर्षांत एकाच खेळाच्या पाच आवृत्त्या झाल्या.

त्या काळात इंटरनेटवरून खेळात बदल पाठवण्याची सोयच नव्हती. खेळ चिपवर कोरलेला असे. त्यातला एक दोष दुरुस्त करायचा, तरी नवा संच तयार करून विकावा लागे. हा भुर्दंड पार्लरमालकावर पडे. खेळणारा मात्र नाणे टाकून कोणतीही आवृत्ती खेळू शके. भारतातील शहरांमध्येही १९९० च्या दशकात अशी पार्लरे चालत आणि कॅपकॉमचे खेळ तेथे परिचयाचे होते.

घरगुती यंत्रांच्या बाजारात हे चित्र पालटले. तेथे प्रत्येक आवृत्तीची पूर्ण किंमत ग्राहकालाच मोजावी लागे. कॅपकॉमने प्रसिद्ध केलेले विक्रीचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. ‘सुपर निन्टेंडो’ या यंत्रावर मूळ ‘स्ट्रीट फायटर २’च्या ६३ लाख प्रती खपल्या, ‘टर्बो’च्या ४१ लाख आणि ‘सुपर’च्या २० लाख. प्रत्येक नव्या आवृत्तीत पूर्वीपेक्षा अधिक पात्रे आणि अधिक सफाई होती, तरीही प्रत्येक वेळी खरेदीदार घटत गेले.

तिसऱ्या भागाची प्रतीक्षा

‘दोन’च्या पुढे जाण्यास कॅपकॉम तयार नव्हते. १९९५ पासून ‘अल्फा’ नावाची उपमालिका सुरू झाली आणि तिचेही तीन भाग निघाले. या कंपनीला तीनपर्यंत मोजता येत नाही, अशी थट्टा त्या काळी होत असे. अखेर १९९७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ३’ आला. त्यात जुनी पात्रे जवळजवळ सगळी बाजूला सारून नवे चेहरे आणले होते. पुढचा भाग म्हणजे नवी सुरुवात, हा अर्थ कंपनीने येथे शब्दशः घेतला. मात्र ज्यांच्यासाठी लोक पार्लरमध्ये येत, तेच लढवय्ये गायब झाले होते. या तिसऱ्या भागाच्याही तीन आवृत्त्या निघाल्या. त्यातली शेवटची ‘थर्ड स्ट्राइक’ ही १९९९ ची.

‘थर्ड स्ट्राइक’ला व्यावसायिक यश बेताचेच मिळाले. पण जाणकारांनी तो उचलून धरला. २००४ मध्ये अमेरिकेतील ‘इव्हो’ स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांच्यात झालेली लढत आजही लढतीच्या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध लढत मानली जाते. ती याच पाच वर्षे जुन्या खेळात झाली होती. त्याला ना पुढचा भाग आला होता, ना पुरवणी. खेळ एकदा घडीव झाला, की त्यात भर न घालताही तो वर्षानुवर्षे टिकतो, हा या घटनेचा धडा. कंपनीच्या तिजोरीत मात्र अशा टिकाऊपणातून फारशी भर पडत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

तबकडीकडून डाऊनलोडकडे

त्यानंतर नऊ वर्षे मुख्य मालिका थांबली. निर्माते योशिनोरी ओनो यांच्या पुढाकाराने ‘स्ट्रीट फायटर ४’ २००८ मध्ये पार्लरमध्ये, तर फेब्रुवारी २००९ मध्ये घरगुती यंत्रांवर आला. घरगुती आवृत्तीत २५ पात्रे होती. एव्हाना घरगुती यंत्रे इंटरनेटला जोडली गेली होती. तरीही एप्रिल २०१० मध्ये दहा नवी पात्रे आली ती ‘सुपर स्ट्रीट फायटर ४’ या स्वतंत्र, ४० डॉलरच्या तबकडीवर. ज्यांनी वर्षभरापूर्वी ६० डॉलर मोजले होते, त्यांना पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागली. मूळ खेळाचे मालक आणि ‘सुपर’चे मालक एकमेकांशी ऑनलाइन खेळू शकत नव्हते. परिणामी ज्याला प्रतिस्पर्धी हवा, त्याला नवी तबकडी घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढच्या पायरीवर कंपनीने धोरण बदलले. २०११ च्या ‘आर्केड एडिशन’मध्ये चार पात्रे वाढली आणि जुन्या ग्राहकांना ती १५ डॉलरमध्ये डाऊनलोड करण्याची सोय मिळाली. त्याच वर्षअखेरीस पात्रांच्या ताकदीचा समतोल साधणारी सुधारणा तर मोफत देण्यात आली. २०१४ च्या ‘अल्ट्रा’ने आणखी पाच पात्रे आणून संख्या ४४ वर नेली. तीही १५ डॉलरमध्येच. एकाच खेळाच्या आयुष्यात स्वतंत्र तबकडी, सशुल्क पुरवणी आणि मोफत दुरुस्ती असे तिन्ही प्रकार ग्राहकांना पाहायला मिळाले.

‘अल्ट्रा’तील आणखी एक सोय नोंद घेण्याजोगी आहे. एखाद्या पात्राचे २००९ चे रूप हवे की २०१४ चे, हे खेळाडूला निवडता येत असे. जुने डाव पुसले जाऊ नयेत, ही त्यामागची दृष्टी होती.

कुलूपबंद पात्रे

डाऊनलोडच्या पुरवणीवरील विश्वासाला सर्वांत मोठा तडा गेला तो २०१२ मध्ये. कॅपकॉमची पात्रे आणि ‘टेकेन’ या प्रतिस्पर्धी मालिकेतील पात्रे यांना एकत्र आणणारा ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकेन’ हा खेळ त्या वर्षी मार्चमध्ये आला. काही तंत्रज्ञ खेळाडूंनी तबकडीतील मजकूर उघडून पाहिला, तेव्हा पुढे वीस डॉलरना विकायची बारा पात्रे त्याच तबकडीत आधीच भरून कुलूपबंद केलेली आढळली. ग्राहक ‘डाऊनलोड’च्या नावाखाली केवळ किल्ली विकत घेणार होता.

पात्रे आधीच तबकडीत असली, की ती घेणारे आणि न घेणारे एकमेकांशी सहज खेळू शकतात आणि यंत्रातील जागाही वाचते, असा खुलासा कंपनीने केला. तांत्रिकदृष्ट्या तो खोटा नव्हता. पण विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग आपल्याच घरात आपल्यालाच वापरता येऊ नये, हे ग्राहकांना पटणे कठीण होते. या पद्धतीचा फेरविचार करू, असे कंपनीला जाहीर करावे लागले. खेळाचा खपही कंपनीच्या अपेक्षेपेक्षा कमी राहिला.

याच सुमारास दुसऱ्या टोकाचाही अनुभव येत होता. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ फेब्रुवारी २०११ मध्ये आला आणि अवघ्या नऊ महिन्यांत बारा नव्या पात्रांसह त्याची ‘अल्टिमेट’ आवृत्ती वेगळी तबकडी म्हणून बाजारात उतरली. वर्ष पूर्ण होण्याआधीच आपला खेळ शिळा ठरावा, याबद्दल ग्राहकांनी नाराजी व्यक्त केली. थोडक्यात, पुरवणी लपवून ठेवली तरी रोष आणि नवी आवृत्ती घाईने काढली तरी रोष, अशी कॅपकॉमची कोंडी झाली होती.

पाचव्या भागाचे वचन

फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेला ‘स्ट्रीट फायटर ५’ हे या कोंडीवरचे उत्तर होते. एकदा तबकडी घेतली, की पुन्हा घ्यावी लागणार नाही. समतोलाच्या सर्व सुधारणा मोफत मिळतील. नवी पात्रे पैसे देऊन घ्या किंवा खेळून मिळवलेल्या ‘फाइट मनी’तून घ्या, असे कंपनीचे वचन होते.

वचन आकर्षक होते, पण खेळ अर्धवट अवस्थेत बाजारात आला. पात्रे सोळाच होती. एकट्याने क्रमाक्रमाने प्रतिस्पर्धी हरवत जाण्याचा, या मालिकेत पहिल्यापासून असलेला ‘आर्केड’ प्रकारच त्यात नव्हता. बाकीचे पुढे मिळेल, या भरवशावर पूर्ण किंमत मोजायला अनेक जण तयार झाले नाहीत. मार्च २०१६ अखेर २० लाख प्रतींचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात १४ लाख खपल्या. वगळलेला ‘आर्केड’ प्रकार जानेवारी २०१८ मध्ये मोफत सुधारणेद्वारे आला, पण तोवर जवळपास दोन वर्षे उलटली होती.

‘फाइट मनी’चा हिशेबही तपासण्याजोगा आहे. एका पात्राची किंमत होती एक लाख. ऑनलाइन एक लढत जिंकली, की मिळत पन्नास. म्हणजे केवळ विजयांच्या बळावर एक पात्र मिळवायचे, तर २,००० लढती जिंकायला हव्यात. सुरुवातीला कथाभाग पूर्ण केल्याबद्दल आणि पात्रांची पातळी वाढवल्याबद्दल बरीच कमाई होत असे, पण ते स्रोत एकदा वापरले की आटत. सहा पात्रांचा वर्षभराचा संच ३० डॉलरना मिळत असताना बहुतेकांनी कोणता मार्ग धरला असेल, हे सांगायला नको.

असे असले तरी मूळ वचन कंपनीने पाळले. २०१६ ची तबकडी २०२१ अखेरपर्यंत, शेवटचे पात्र येईतो चालत राहिली. सोळा पात्रांचा खेळ ४५ पात्रांपर्यंत वाढला आणि एकूण खप ७० लाखांच्या पुढे गेला. कमकुवत सुरुवातीच्या खेळाला पुरवण्यांनी सावरल्याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

जुन्या ग्राहकाला दंड?

या दोन पद्धतींत ग्राहकाच्या खिशातून किती गेले? चौथा भाग पहिल्या दिवशी घेऊन शेवटपर्यंत साथ देणाऱ्याने ६०, ४०, १५ आणि १५ असे सुमारे १३० डॉलर मोजले आणि त्याच्या हाती ४४ पात्रे आली. पाचव्या भागाची तबकडी आणि पहिल्या तीन वर्षांचे संच रोखीने घेणाऱ्याचे सुमारे १५० डॉलर गेले आणि पात्रे मिळाली ३४. मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये ‘चॅम्पियन एडिशन’ आले, तेव्हा नव्याने येणाऱ्या ग्राहकाला ४० पात्रे अवघ्या ३० डॉलरमध्ये मिळाली.

पुरवणी पद्धतीचा खरा दोष येथे दिसतो. जो पहिल्या दिवसापासून खेळाला साथ देतो, तोच सर्वांत जास्त पैसे देतो. जो थांबतो, त्याला तोच खेळ अधिक भरीव आणि अधिक स्वस्त मिळतो. थांबणाऱ्यांची संख्या वाढली, तर पहिल्या वर्षी ऑनलाइन प्रतिस्पर्धीच मिळेनासे होतात आणि खेळ उभा राहण्यापूर्वीच रोडावतो.

कंपनीच्या बाजूनेही विचार करायला हवा. पुढचा भाग म्हणजे नवे तंत्र, नवी चित्रे, प्रत्येक पात्राच्या हालचालींची नव्याने बांधणी आणि काही वर्षांचा खर्च. तो फसला, तर सगळेच बुडते. पुरवणीत तयार पायावर एकेक मजला चढवता येतो आणि उत्पन्न वर्षभर विभागून येते. लढतीचे खेळ विकत घेणारा वर्ग तुलनेने मर्यादित असल्याने या नियमित उत्पन्नाचे मोल मोठे आहे.

सहावा भाग: दोन्हींची सांगड

जून २०२३ मध्ये, ताकायुकी नाकायामा यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने दोन्ही मार्गांची सांगड घातली. नवा भाग काढायचा तर तो पहिल्याच दिवशी भरीव हवा, हे कंपनी पाचव्या भागावरून शिकली होती. १८ पात्रे, एकट्याने खेळण्यासाठी मोठा कथाप्रवास आणि नवख्यांसाठी सोपी नियंत्रणपद्धत असे सर्व त्यात आरंभीच होते. महिनाभरातच २० लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘इव्हो’त या खेळासाठी सात हजारांहून अधिक स्पर्धक उतरले.

त्यानंतर दरवर्षी चार पात्रांची पुरवणी सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ‘एसएनके’ या एकेकाळच्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपनीची टेरी आणि माई ही पात्रे पाहुणी म्हणून आली. जून २०२५ मध्ये ‘निन्टेंडो स्विच २’ या यंत्राबरोबर दोन वर्षांची पात्रे एकत्र करून २६ पात्रांची आवृत्ती निघाली, तर ऑगस्टमध्ये सगाटच्या पुनरागमनाने तिसरे वर्ष सुरू झाले. मात्र पाचव्या भागातील खेळून पात्र मिळवण्याची वाट येथे जवळपास बंद झाली. पात्रासाठी प्रामुख्याने खरे पैसेच मोजावे लागतात. न घेतलेले पात्र तासाभरासाठी ‘भाड्याने’ वापरून पाहता येते, एवढीच सवलत.

पुढचा भाग येण्याची वेळ चुकली तर काय होते, हेही २०२३ मध्येच दिसले. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’ पदकाचा खेळ होता आणि भारताचे खेळाडूही त्यात उतरले होते. सप्टेंबरच्या अखेरीस झालेल्या या लढती मात्र ‘पाच’च्या ‘चॅम्पियन एडिशन’वर झाल्या. सहावा भाग येऊन चार महिने होत आले होते आणि खेळाडूंना दोन खेळांचा सराव एकाच वेळी करावा लागला. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षीय किम ग्वान-वू याने जिंकले.

शेजारच्या आखाड्यांत

इतर मालिकांचा अनुभवही याच वळणाचा आहे. ‘टेकेन ७’ने घरगुती यंत्रांवर २०१७ ते २०२१ अशी चार वर्षे पुरवण्यांवर काढली आणि एक कोटीहून अधिक खप गाठला. पण प्रत्येक डावाला किती वेळ लागतो याची माहिती पडद्यावर दाखवण्याची सोय २०१९ मध्ये वेगळे पैसे घेऊन विकली गेली, तेव्हा सरावाचे साधनही विकता काय, असा सवाल खेळाडूंनी केला. ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’ने २०२० मध्ये कथेचा उत्तरार्धच पुरवणी म्हणून विकला. पूर्वी अशा उत्तरार्धाला ‘पुढचा भाग’ म्हटले असते.

मालकी कुणाची?

पैशांच्या हिशेबापलीकडचा प्रश्न मालकीचा आहे. ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ परवान्याच्या मुदतीमुळे डिसेंबर २०१३ मध्ये ऑनलाइन दुकानांतून हटवला गेला. ज्यांनी त्याची जादा पात्रे घेतली नव्हती, त्यांना ती घेण्याचा मार्गच उरला नाही. तो परतला २०१६ मध्ये, तोही नव्या यंत्रावर. ‘एक्सबॉक्स ३६०’चे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. चौथ्या भागाची तबकडी आज कोणाला जुन्या बाजारात मिळाली, तरी तिची डाऊनलोड पुरवणी त्या यंत्रासाठी विकत मिळणार नाही.

शिवाय प्रत्येक मोफत सुधारणा मागच्या रूपावर लिहिली जाते. १९९२ चा ‘हायपर फायटिंग’ आजही जसाच्या तसा खेळता येतो. २०१६ चा ‘स्ट्रीट फायटर ५’ त्या वर्षीच्या डावांसह आता ऑनलाइन खेळता येत नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमने मालिकेच्या तिशीनिमित्त जुने बारा खेळ एका संचात काढले. त्यात ‘स्ट्रीट फायटर २’च्या पाचही आवृत्त्या शेजारी शेजारी होत्या. ज्या आवृत्त्यांबद्दल कंपनीला लोभी म्हटले गेले, त्यांच्यामुळेच खेळाच्या वाढीची प्रत्येक पायरी शाबूत राहिली. पाचव्या आणि सहाव्या भागांचा असा संच कधी काढायचा झाला, तर त्यांच्या मधल्या पायऱ्या सुट्या वस्तू म्हणून कुठेच सापडणार नाहीत. त्या कंपनीने जपल्या असतील, तरच मिळतील.

तेव्हा ‘पुढचा भाग की पुरवणी’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. पाया भक्कम असेल, तर पुरवणी खेळाचे आयुष्य वाढवते. पाया कच्चा असेल, तर ती राहिलेले काम हप्त्याने विकण्याचे साधन ठरते. ग्राहकाने पाहायचे ते एवढेच, की पहिल्या दिवशी हाती पडलेला खेळ, पुढे एकही पुरवणी आली नाही तरी, मोजलेल्या किमतीला पुरेसा आहे का. ‘स्ट्रीट फायटर २’ त्या कसोटीला उतरला होता, ‘पाच’ उतरला नाही आणि ‘सहा’ पुन्हा उतरला. खपाचे आकडेही हेच सांगतात.